मोतीबिंदू आणि आपण बायका
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणातरी विदुषीचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तीन माणसांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात बसलात, तेवढेच सांगा." तीन माणसे म्हणजे माझे वडील, माझी आई आणि शेजारच्या काकू. त्या निमित्ताने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी प्रश्न विचारून अगदी भंडावून सोडले. त्यांनी जे समजावून दिले आणि मी जे डोळ्यांनी पाहिले, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

प्रथम मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. पुष्कळ जणींना वाटते की डोळ्यावर एक पडदा किंवा साय येते आणि डॉक्टर ती खरवडून काढतात. तसे नाही. डोळ्यात बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्याच्या आकाराचे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा उजेड त्यातून आत जातो आणि मागच्या पडद्यावर चित्र उमटते. हे भिंग वयाबरोबर गढूळ होत जाते. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली पाहा. काल आरपार दिसणारे तेल सकाळी पांढरे झालेले असते. भिंगाचे तसेच होते. फरक एवढाच, की तेल उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते. भिंग एकदा गढूळ झाले की पुन्हा निवळत नाही. फार वाढले म्हणजे बाहुलीत मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसू लागतो, म्हणून त्याचे नाव मोतीबिंदू.

वय हे त्याचे मुख्य कारण. पण मधुमेह असला, डोळ्याला मार लागला, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडची औषधे फार दिवस घेतली, विडी-सिगारेटची सवय असली, तर तो लवकर येतो. कडक उन्हात वर्षानुवर्षे काम करणे आणि चुलीचा धूर यांचाही संबंध जाणकार सांगतात. क्वचित तान्ह्या मुलालाही मोतीबिंदू असतो. बाळाच्या बाहुलीत पांढरे दिसले तर दृष्ट काढत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण त्या वयात उशीर झाला तर नजर तयार व्हायचीच राहून जाते.

आता तो ओळखायचा कसा? मोतीबिंदू दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो चोरपावलांनी येतो. धुके पडल्यासारखे दिसते. रात्री समोरून मोटार आली की दिव्याभोवती तेजाचे कडे दिसते आणि डोळे दिपतात. चंद्र एकाचे दोन दिसतात. रंग मळकट, पिवळट वाटतात. निळे लुगडे आणि काळे लुगडे यांतला फरक कळत नाही. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. कधी कधी तर उलटेच होते. इतकी वर्षे चाळिशी लावून वाचणाऱ्या आजीबाई अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचू लागतात, आणि घरात सगळे कौतुक करतात. भगिनींनो, ते कौतुक नव्हे, बऱ्याच वेळा ती मोतीबिंदूचीच खूण असते, आणि ते सुख थोडे दिवसच टिकते.

पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया यातले काहीही बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या कामावरून ओळखावे लागते. तांदळातले खडे राहू लागले, दूध ओतताना पातेल्याबाहेर सांडू लागले, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक जाऊ लागली, उंबऱ्याशी पाय चाचपडू लागला, की समजावे. त्यातही एक डोळा चांगला असला तर दुसऱ्याची उणीव तो झाकून टाकतो. म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एक करावे. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहून आधी डावा डोळा तळहाताने झाकावा व उजव्याने तारखा वाचाव्या, मग उजवा झाकून डाव्याने. दोहोंत फरक वाटला तर तपासून घ्यावे. घरातल्या मोठ्या माणसांकडूनही हे करून घ्यावे.

आता माझ्या माहेरची गोष्ट सांगते, कारण मला जे मुख्यतः म्हणायचे आहे ते तिच्यात आले आहे. माझे माहेर सातारा जिल्ह्यात. अण्णांना वर्तमानपत्र नीट दिसेना, तसे त्यांनी घरात सांगितले. त्याच महिन्यात भावाने त्यांना तालुक्याला नेले, तपासले आणि शस्त्रक्रिया झालीसुद्धा. आईच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी तिला पाहून तसे लिहूनही दिले होते. पण तिची पाळी यायला दोन वर्षे गेली. विचारले की ती म्हणे, "मला कुठे पेपर वाचायचाय? भाकरीला काय डोळे लागतात?" मग सुगी आली, मग भाचीचे लग्न आले, मग म्हैस व्याली. घरात कुणी वाईट नव्हते, कुणी नाही म्हणाले नव्हते. फक्त आईने आठ दिवस चुलीपासून दूर बसायचे म्हणजे भाकऱ्या कुणी थापायच्या आणि धार कुणी काढायची, याचे उत्तर कुणी शोधले नव्हते. शेवटी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. मनगट मोडले, तेव्हा सगळ्यांना कळले की बाईला पायरीच दिसत नव्हती.

ही एका घरची गोष्ट नाही. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांत अंधत्वाची जी कारणे सापडली, त्यांत मोतीबिंदूचा वाटा सुमारे ६६ टक्के होता. म्हणजे तीन आंधळ्यांतले दोघे अशा कारणाने आंधळे, की ज्यावर खात्रीचा उपाय आहे. आणि हा उपाय पुरुषांच्या मानाने बायकांपर्यंत कमी व उशिरा पोचतो, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कारण आपल्याला माहीत आहेच. पुरुषाची नजर गेली तर घराचे काम अडते. बाईची गेली तरी ती अंदाजाने काम करीतच राहते, म्हणून कुणाचे काही अडत नाही.

उपाय एकच आहे आणि तो म्हणजे शस्त्रक्रिया. मोतीबिंदू विरघळवणारे डोळ्यांत घालायचे औषध अजून सिद्ध झालेले नाही. मध, कांद्याचा रस, तूप, दूध असे काही डोळ्यांत घालू नये. त्याने बुबुळाला जखम होऊन ते पिकण्याचे भय असते. चष्म्याचा नंबर बदलून सुरुवातीला काही दिवस निभावते, तेवढेच.

शस्त्रक्रियेची भीती आपल्या मनात जुन्या काळापासून आहे, आणि त्या काळी ती खोटी नव्हती. सुश्रुताच्या ग्रंथात मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. पुढे शेकडो वर्षे सुईने गढूळ भिंग बाजूला ढकलण्याची रीत चालू होती. नंतर भिंग बाहेर काढू लागले, पण त्याच्या जागी दुसरे काही बसवता येत नसे. माणसाला कित्येक दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे, आणि पुढे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर लागे. आपल्या आज्यांनी ते पाहिले आणि आपल्याला सांगितले.

मग १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले नावाच्या डॉक्टरांनी पहिल्याने डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे बारीक तुकडे गेले होते. ते तुकडे डोळ्यांत राहूनही त्रास देत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग त्यांनी करून घेतले. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छिद्रातून ओढून घेण्याची रीत काढली. दातांच्या डॉक्टरांकडचे दात साफ करण्याचे यंत्र पाहून त्यांना ती सुचली. आपल्याकडे मदुरैला डॉ. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली अकरा खाटांचा दवाखाना सुरू केला. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या माणसाने हजारो शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या संस्थेने १९९२ पासून भिंगे येथेच बनवायला सुरुवात केली, तेव्हा ती गरिबाच्या आवाक्यात आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांना त्यांच्या मातोश्रींनी स्वतःचे मूत्रपिंड दिले होते, हे आपल्यासारख्या आयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष काय काय होते ते सांगते. आधी तपासणी असते. रक्तदाब व साखर पाहतात. यंत्राने डोळा मोजून भिंगाचा नंबर काढतात, कारण प्रत्येकाचे भिंग वेगळ्या नंबराचे असते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदाही पाहतात. यावेळी आपण चालू असलेली सर्व औषधे दाखवावी. विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी दिलेल्या गोळ्या सांगायला विसरू नये. त्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. मधुमेह असला तरी शस्त्रक्रिया होते, मात्र साखर ताब्यात हवी.

भिंगांचे प्रकार पुष्कळ आणि किमतीही वेगवेगळ्या. साध्या भिंगाने लांबचे चांगले दिसते, जवळच्यासाठी चष्मा लागतो. महाग भिंगांत जवळचे-लांबचे दोन्ही दिसण्याची सोय असते, पण काहींना रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. साध्या भिंगाने काही कमी भले होत नाही. पैसे नाहीत म्हणून डोळा अडवून ठेवू नये. सरकारी रुग्णालयांत आणि धर्मादाय संस्थांच्या शिबिरांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आईने मला हळूच विचारले, "डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात का गं?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाही आजी. डोळा जागचा हलत नाही. आतले जुने भिंग काढायचे आणि नवे ठेवायचे, एवढेच." बहुतेकांना भूल फक्त डोळ्यापुरती देतात, थेंबांनी किंवा डोळ्याजवळ सुई देऊन. माणूस जागा असतो. चेहऱ्यावर कापड घालतात, वर लख्ख दिवा असतो, पाण्याचा गारवा जाणवतो, डॉक्टरांचे बोलणे ऐकू येते. कापल्याचे दुखत नाही. फक्त स्थिर पडून राहायचे, आणि खोकला किंवा शिंक येत असली तर आधी तोंडाने सांगायचे, एकदम मान हलवायची नाही. यंत्राच्या रीतीत दोन-तीन मिलिमीटरची चीर असते आणि घडी केलेले भिंग आत जाऊन उलगडते. दुसऱ्या रीतीत चीर त्याहून थोडी मोठी असते. दोन्हींत बहुधा टाका लागत नाही. साधारण दहा ते वीस मिनिटांत काम आटोपते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. दोन्ही डोळे एकदम सहसा करत नाहीत. एक बरा झाला की दुसरा.

पुढचे काम घरच्यांचे. डॉक्टरांनी दिलेले थेंब चार ते सहा आठवडे घालावे लागतात. हात साबणाने धुवावे, खालची पापणी जरा ओढावी, एकच थेंब टाकावा, आणि बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असली तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावी. संपल्यावर तीच बाटली आपल्या मनाने पुन्हा आणू नये. डोळा चोळू नये, त्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. डोक्यावरून नहाणे, काजळ, चुलीत फुंकर घालणे, पाण्याची कळशी उचलणे, नातवंडाला कडेवर घेणे, खाली वाकून नमस्कार, हे सारे डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. झोपताना डोळ्यावर टोपण लावावे. जेवणाचे पथ्य विशेष नाही. नेहमीचे जेवण चालते.

पहिले काही दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखे वाटते, पाणी येते, उजेड सोसत नाही. ते ओसरते. पण दुखणे वाढत गेले, डोळा लालबुंद झाला, पू आला, आलेली नजर पुन्हा कमी होऊ लागली, विजेसारख्या चमका किंवा काळा पडदा दिसू लागला, तर उद्याची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठावा. डोळ्यात जंतू शिरण्याचे प्रकार विरळा होतात, पण झाले तर तासांचा हिशेब असतो. आणि एक खरे बोलले पाहिजे. मागचा पडदा मधुमेहाने बिघडलेला असला, किंवा काचबिंदूने डोळ्याची नस सुकली असली, तर नवे भिंग बसवूनही पूर्ण नजर येत नाही. काचबिंदू आणि मोतीबिंदू हे दोन निराळे रोग आहेत. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. म्हणून कोणता आहे ते वेळेवर कळणे जरूर.

आता आपल्याकडचे काही समज. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढा" असे अजून सांगतात. जुन्या रीतीत ते ठीक होते. आता रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की वेळ आली समजावे. आमच्या नात्यातल्या एक आत्या पिकण्याची वाट पाहत राहिल्या. एके रात्री भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढला, कपाळ फुटेल अशा कळा आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. मोतीबिंदू निघाला, पण दाबाने नस गेली होती, त्या डोळ्याची नजर काही आली नाही. दुसरा समज, शस्त्रक्रिया थंडीतच करावी. तसे काही नाही, कोणताही महिना चालतो. तिसरा, लेझरने मोतीबिंदू जाळतात. तसे नव्हे, भिंग काढावेच लागते. चौथा, मोतीबिंदू पुन्हा येतो. काढलेले भिंग पुन्हा उगवत नाही. मात्र नव्या भिंगामागची पातळ पिशवी काही जणांत महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होते. तेव्हा मात्र लेझरने काही मिनिटांत तिला वाट करून देतात, चीर द्यावी लागत नाही. आणि पाचवा समज, "आता वय झाले, कशाला?" माझ्या मते वय झाले म्हणूनच हवे. पडून खुबा मोडला तर म्हातारपणी काय होते ते आपण घरोघरी पाहतो.

माझ्या आईची पट्टी दुसऱ्या दिवशी सोडली. घरी आल्यावर तिने फडताळातला पितळी तांब्या हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "ही भांडी मी अशी घासत होते? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?" तिला लगेच चिंच घेऊन बसायचे होते. आम्ही तांब्या तिच्या हातून काढून घेतला. महिनाभराने डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने सगळे फडताळ खाली काढले.

त्या आठ दिवसांच्या भाकऱ्या कुणी केल्या? वहिनीने सकाळच्या केल्या, शेजारच्या दोन घरांनी संध्याकाळच्या पाठवल्या, आणि धार माझ्या भावाने काढली. त्याला येत होती, इतकी वर्षे कुणी काढायला सांगितली नव्हती. दोन वर्षे जे अडले होते ते एका दिवसाच्या बोलण्याने सुटले.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपण दरवर्षी हळदीकुंकू करतो, सहली काढतो, भिशी चालवतो. यापुढे आपल्यापैकी कुणाची किंवा कुणाच्या सासूची, आईची डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तर आठ दिवस तिच्या घरी दोन्ही वेळचा डबा आपण पाळीपाळीने पोचवावा. आठ घरे असली तर एका घराला एकच दिवस येतो. दवाखान्यात सोबतीला एक जण जावी आणि थेंबांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावाव्या. यात पैसा फारसा लागत नाही. पण "घरी कोण करणार?" या प्रश्नाखाली आपल्या कितीतरी बाया चाचपडत बसल्या आहेत. त्या प्रश्नाला "आम्ही करू" एवढे उत्तर मंडळाने द्यावे, असे मला वाटते.

ज्यांना हे पटले असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत आपले नाव आणि सोयीचा वार लिहावा. पहिले नाव मी लिहिले आहे, माझा वार मंगळवार.